आपल्या रंगाची ट्यूब

वर्षाराणी घोरपडे निवांत बसलीय, असं कोल्हापूरच्या फुलेवाडीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं. जेवताना ती मधेच उठून ओटा पुसायची, टीव्हीसुद्धा उभ्यानंच बघायची. सासरे म्हणायचे, "ह्या पोरीच्या पायाला भिंगरी हाय." नोकरीही तिला तशीच मिळाली होती. एका दूध संघाकडून ती गावोगाव फिरून म्हशी पाळणाऱ्या बायकांना शिकवायची. कास कशी धुवायची, कासेला सूज येते तो कासदाह कसा ओळखायचा, दुधाची भांडी कशी वाळवायची. सकाळी स्कूटर काढली की हुपरी-कागल बाजूच्या वाड्या पालथ्या घालायच्या आणि दुपार टळल्यावर घरी. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं.

धाकट्या मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले. बाळंतपणानंतर जातील, असं सगळ्यांनी सांगितलं. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, भांडायलाही लागली, तरी डाग तिथंच. उलट उन्हाळ्यात ते नाकापर्यंत सरकले आणि वरच्या ओठावर मिशी फुटल्यासारखी सावली दिसू लागली.

आमच्या भागात कुणी मनात ठेवून बोलत नाही. गोठ्यात पाऊल टाकायचा अवकाश, एखादी बाई विचारायचीच, "मॅडम, तोंडाला काय वो झालंय?"

"वांग हाय त्यो," दुसरी सांगायची. "जायफळ उगाळून लावा."

तिसरी लिंबू सांगायची. वर्षाराणीनं जायफळ लावलं, लिंबू चोळलं, मसूरडाळीचं पीठ थापलं. लिंबानं कातडी सोलून निघाली आणि तिथला डाग आणखी गडद झाला. नवरा उदयसिंह शिरोलीच्या कारखान्यात होता. तो आपला समजूत घालायचा, "मला तर काय दिसत न्हाय बघ."

"दिसत न्हाय? डोळं हायत का बटणं?" म्हणून ती उठून जायची. त्यानं डाग दिसतो म्हटलं असतं तरी ती उठूनच गेली असती.

तशातच संघानं ठरवलं की तिच्या शिकवणीचे छोटे व्हिडिओ करायचे आणि ते गावोगावच्या बायकांच्या फोनवर पाठवायचे. इतर कुणी असती तर खूश झाली असती. वर्षाराणीनं आधी घसा बसल्याचं सांगितलं, मग स्कूटर बिघडल्याचं, मग मुलीला ताप असल्याचं. खरं कारण रोज सकाळी आरशात दिसायचं. स्कूटरच्या आरशात, एटीएमच्या काचेत, दुधाच्या स्टीलच्या कॅनवरसुद्धा ती आपला गाल शोधायला लागली होती.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत प्रियदर्शनी नावाच्या बाईचं पार्लर होतं. भुवया करायला गेलेली असताना प्रियदर्शनीनं कपाटातून एक पांढरी डबी काढून तिच्या हातात दिली. डबीवर ना नाव, ना गाव.

"रात्री लाव. कुणाला सांगू नकोस, माझ्याकडं थोडीच येती," ती म्हणाली. "महिन्यात बघ, आरसा तुला वळखायचा न्हाय."

आणि खरंच तसं झालं. आठवडाभरातच गाल नितळ झाले. महिना भरला तसे डाग पुसट होत होत जवळजवळ दिसेनासे झाले. चेहऱ्यावर एक गुलाबी तकाकी आली. गोठ्यातल्या बायका आता विचारायच्या, "मॅडम, काय लावतासा?" तिनं ऑफिसात फोन करून व्हिडिओची तारीखसुद्धा घेतली. पण जीव काही थाऱ्यावर आला नाही. डबी संपत आली की धडधडायचं. एखाद्या रात्री लावायची राहिली तर पहाटे उठून लावायची.

मग प्रियदर्शनी भाचीच्या लग्नासाठी गावाला गेली आणि पार्लरला कुलूप लागलं. डबी संपली होती. चारच दिवसांत वर्षाराणीचा चेहरा पेटला. लाल चट्टे, बारीक पुरळ, चुलीपुढं जाता येईना, ऊन लागलं की मिरचीची पूड फासल्यासारखं व्हायचं. वांग तर दुप्पट जोरानं परत आला. तारीख आली आणि गेली. उदयसिंहनं या वेळी दिसत नाही असं म्हटलं नाही. तिला गाडीवर बसवून तो थेट त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर अदिती वयानं तिच्याएवढीच होती. तिनं रिकामी डबी उलटसुलट करून पाहिली.

"यात काय आहे हे तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तुमचा चेहरा सांगतोय. स्टेरॉईड असणार. लावलं की लगेच छान दिसतं आणि सोडलं की असं होतं. आणखी वर्षभर लावलं असतंत तर कातडी कागदासारखी पातळ झाली असती."

"मग आता परत लावलं तर हे जाईल?"

"जाईल. आणि तुम्ही कायमच्या त्यात अडकाल."

वर्षाराणी उठून खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. घरी ती कोल्हापूरकडच्या बायकांसारखी 'मी जातो, मी येतो' म्हणणारी. डॉक्टरसमोर तिनं ठरवून शहरी बोलायला सुरुवात केली होती. ते आता सुटलं. "डॉक्टर, मी असल्या तोंडानं बाहीर कसा पडू वो?"

"स्कार्फ बांधून पडा. पण डबीला हात लावू नका."

पुढचे महिने फार वाईट गेले. औषधांनी आग थोडी कमी व्हायची, परत उसळायची. घरात बसवेना आणि बाहेर निघवेना. ती घरातल्या घरात येरझारा घालायची, कपाटं उपसून परत लावायची. शेवटी स्कार्फ आणि मोठा गॉगल लावून कामावर निघाली. पहिल्याच गोठ्यात एक म्हैस तिचा अवतार बघून बिथरली आणि दुधाची बादली लवंडली. बायका हसल्या. तीही हसली, आणि परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेऊन रडली.

पावसाळा सरता सरता कातडी शांत झाली. लाली गेली, आग गेली. डाग राहिले. अदिती म्हणाली, "आता सनस्क्रीन कायमचं. आणि तुम्हाला साधं सनस्क्रीन पुरणार नाही. वांग नुसत्या उन्हातल्या अदृश्य किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंसुद्धा वाढतो. रंग असलेलं घ्या, टिंटेड. त्या रंगात लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी असते, आयर्न ऑक्साईड म्हणतात. ती हा उजेडही बराचसा अडवते. वर डाग थोडे झाकले जातील ते वेगळंच."

म्हणजे एकाच ट्यूबमध्ये ऊन अडवणारं, ओलावा देणारं आणि रंगाचं, असं तिन्ही मिळत होतं. वर्षाराणी त्याच संध्याकाळी महाद्वार रोडच्या एका मोठ्या दुकानात गेली. काचेमागं ट्यूबांची रांगच होती. एकीवर बीबी, दुसरीवर सीसी, तिसरीवर नुसतंच 'टिंटेड'.

"कुठली घ्यायची?" तिनं विचारलं.

विकणाऱ्या मुलीनं तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावला. "ही बघा मॅडम, सगळ्यात जास्त हीच जाते."

दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली ती बरीही दिसली. सकाळी ती लावून वर्षाराणी अंगणात आली, तर तिची थोरली मुलगी म्हणाली, "मम्मी, राखंत लोळलीस काय?" मान सावळी आणि तोंड राखाडी. गणपतीचं मखर रंगवताना रंग तोंडावर उडाल्यासारखी ती दिसत होती. घासून घासून तोंड धुतलं, तर उगाच लाली उठली.

दुसरी ट्यूब तिनं फोनवरून मागवली. फोटोतल्या बाईचा रंग तिच्यासारखाच होता. ट्यूबमधून निघाला गाजराचा हलवा. तिसरी एका मैत्रिणीनं दिली. रंग जमला, पण तासाभरात तोंड तेलकट होऊन हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. तीन ट्यूबा कपाटात आडव्या पडल्या आणि वर्षाराणीचा पारा चढत गेला. प्रत्येक वेळी दुकानात जाताना वाटायचं, ही शेवटची, आणि परत येताना वाटायचं, ती पांढरी डबीच बरी होती. एकदा तर ती राजारामपुरीच्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली.

तिथून ती सरळ अदितीकडे गेली. नंबर न लावता आत शिरली. "डॉक्टर, मला हे बीबी-सीसी काय असतं ते एकदा नीट सांगा. मी दहा वेळा फसायचो न्हाय."

अदिती हसली. "अक्षरांवर जाऊ नका. साधारण बीबी जरा दाट असते, झाकते जास्त. सीसी रंगाचा फरक सारखा करायला असते. नुसतं टिंटेड म्हणतात ती बहुधा पातळ असते. पण प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं नाव देते. तुम्ही पुढची अक्षरं सोडा आणि मागची बाजू वाचा. एसपीएफ तीसच्या वर, शक्यतो पन्नास. पीए आणि त्यापुढं अधिकची चिन्हं किती आहेत ते बघा, जितकी जास्त तितकं संरक्षण जास्त. घटकांत आयर्न ऑक्साईड आहे का बघा. वास नसलेली घ्या, तुमची कातडी अजून हळवी आहे. तेलकट होत असेल तर जेलसारखी घ्या."

"आणि रंग?"

"मनगटावर बघू नका, मनगटाच्या आतल्या बाजूला कुठं ऊन लागतं? जबड्याच्या कडेला लावा, गाल आणि मान जिथं मिळतात तिथं. मग दुकानाबाहेर उजेडात उभं राहा. थोडा वेळ थांबा, काही रंग हवा लागली की गडद होतात. जो दिसेनासा होईल तो तुमचा."

या वेळी वर्षाराणी भर दुपारी गेली, आणि दुसऱ्या दुकानात गेली. जबड्यावर तीन पट्टे ओढून घेतले आणि तशीच रस्त्यावर येऊन उभी राहिली. येणारे जाणारे बघत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "पावणं, रंगपंचमी लांब हाय की अजून!" ती म्हणाली, "तू रिक्षा बघ तुझी." फोनच्या कॅमेऱ्यात तिनं पाहिलं. पहिला पट्टा पांढरा उठून दिसत होता, दुसरा तांबूस. तिसरा कुठं होता ते तिला बोटानं चाचपावं लागलं. पिवळसर झाक असलेला, मधासारखा रंग. दुकानदार म्हणाला होता, "हा नका घेऊ ताई, यात उजळ नाही दिसणार." तिनं तोच घेतला. दोन दिवस कानामागं लावून पाहिला, खाज नाही, पुरळ नाही, मग चेहऱ्यावर आणला.

डाग पूर्ण झाकले गेले नाहीत. पण हातभर अंतरावरून ते डाग न वाटता सावली वाटायचे. त्रासही होता. मटारच्या दाण्याएवढी लावून भागत नव्हतं, दोन बोटं भरून घ्यावी लागे, नाहीतर ट्यूबवर लिहिलेलं संरक्षण कागदावरच. दुपारी घाम पुसून परत लावावी लागे. पांढऱ्या ओढणीला तिचे डाग पडायचे. तरी तिनं व्हिडिओ केले. पहिल्या व्हिडिओत ती सारखी कॅमेऱ्याच्या शेजारच्या काचेकडे बघत होती, म्हणून तो परत घ्यावा लागला.

थंडीत ती हुपरीच्या अलीकडच्या एका वाडीत बायडाबाईंच्या घरी गेली. बायडाबाईंच्या दारात चार म्हशी होत्या, आणि घरात हुपरीतले सराफ देतात ते पैंजणांचं काम. गॅसच्या बारीक ज्योतीवर चांदीच्या कड्या जोडायच्या. ते काम त्यांची नवी सून तेजस्वी करायची. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. वर्षाराणी गोठ्यातून हात धुवायला आत आली आणि दारातच थांबली. तेजस्वीचा चेहरा मानेपेक्षा कितीतरी गोरा होता, गुलाबी, चकचकीत. गालावर लाल रेषांची बारीक जाळी दिसत होती. ज्योतीपासून ती तोंड लांब धरत होती आणि मधून मधून ओला रुमाल गालाला लावत होती.

वर्षाराणी हात न धुताच पुढं झाली. "काय लावतीस गं तोंडाला?"

"काय न्हाय," तेजस्वी म्हणाली.

"पांढरी डबी? नाव नसलेली?"

पोरीच्या हातातली कडी खाली पडली.

बायडाबाई मागून आल्या. "काय वो मॅडम? माझी सून गोरी हाय, बघूनच केलीया. तिला काय लावाय लागत न्हाय."

तेजस्वीच्या डोळ्यात पाणी आलं. मग हळूहळू कळलं ते असं. लग्न ठरायच्या आधी आईनंच तिला पार्लरात नेलं होतं. दाखवायच्या कार्यक्रमाच्या वेळी ती गोरी होती, लग्नात गोरी होती, आणि आता थांबायची सोय उरली नव्हती. डबी संपली की माहेरी जायचं निमित्त काढायची. पार्लर प्रियदर्शनीचंच होतं.

"म्हंजी फशिवलंय आमाला," बायडाबाईंचा आवाज चढला. "येऊ दे माझ्या पोराला, सम्राटला. आत्ताच्या आत्ता तिच्या आईला बोलवून घेतो मी!"

"मावशी, भांडायचं मागनं भांडा," वर्षाराणी म्हणाली. "आदी हिला डॉक्टरकडं न्या. हे सोडताना तोंड भाजल्यासारखं हुतंय. मला झालंय."

"तुमचं तर बरं झालंय की!"

"बरं कुठलं, झाकलंय." असं म्हणून तिनं ओढणीचं टोक भिजवलं आणि एक गाल खसाखसा पुसला. मधाच्या रंगाखालून तपकिरी डाग वर आला. बायडाबाईंनी जवळ येऊन त्या डागावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "एवढ्या उनात फिरतीस बाई," आणि चहा टाकायला आत गेल्या. तेजस्वी त्या गालाकडेच बघत होती. तिला धीर आला की ती आणखी घाबरली, हे वर्षाराणीला कळेना.

ती तिथून निघाली ती थेट राजारामपुरीत. डोक्यात संताप उकळत होता. काय काय बोलायचं ते तिनं वाटेत मोठ्यानं म्हणून बघितलं. पार्लरात गिऱ्हाईक नव्हतं. प्रियदर्शनी आरशासमोर बसली होती.

"ती डबी विकायची बंद कर. न्हायतर मी तक्रार देतो. पोरींची तोंडं जाळतीस तू!"

प्रियदर्शनी भांडली नाही. तिनं ट्यूबलाइट लावली आणि कपाळावरचे केस मागं घेतले. "मी बी तेच लावतो की," ती म्हणाली. "सहा वर्सं झाली." जवळून तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसत होती. नाकाच्या दोन्ही बाजूला लाल शिरा, हनुवटीवर लव. "मला वाटलं, सगळ्यांनाच थोडं थोडं हुतंय."

 वर्षाराणी उभीच होती, चप्पलही काढली नव्हती. शेवटी तिनं डॉक्टर अदितीचा पत्ता सांगितला आणि निघाली. घरी जाऊनही तिला जेवण गेलं नाही. ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

बायडाबाईंनी सुनेच्या आईशी भांडण केलंच, चांगलं वाडीभर ऐकू जाईल असं. पण पुढच्याच सोमवारी हुपरीच्या एसटीनं सुनेला घेऊन कोल्हापुरात आल्या त्याही त्याच. तेजस्वीचा चेहरा महिनाभर असा झाला की तिनं दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. ज्योतीवरचं काम बायडाबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि बोटं भाजून घेतली. वर्षाराणी त्या बाजूला गेली की मुद्दाम वाट वाकडी करून डोकावायची. तेजस्वीचा एकच प्रश्न असायचा, "ताई, तुमची ती रंगाची क्रीम मला द्या की, आजच झाकतो."

"आदी जखम वाळू दे. डॉक्टर सांगतील तवा."

डॉक्टरनं सांगितलं तेव्हा वर्षाराणीनं आपलीच ट्यूब तिच्या जबड्याला लावून बघितली. रंग जमला नाही. तेजस्वी तिच्याहून एक छटा सावळी निघाली, तांबूस झाकेची. इतके दिवस तो रंग कुणी पाहिलाच नव्हता, तिनं स्वतःसुद्धा. दोघी परत दुकानात गेल्या, परत उजेडात उभ्या राहिल्या. ती क्रीम लावून तेजस्वी घरी गेल्यावर सम्राट बायकोकडे बघून म्हणाला, "आत्ता कशी माणसासारखी दिसतीस. आदी मला भ्याच वाटायचं हात लावाय." बायडाबाई कुरकुरल्या, "गोरी हुती बाई," पण शेजारणीनं तेच म्हटल्यावर तिच्यावर तुटून पडल्या.

प्रियदर्शनी अदितीकडे गेली का, ते वर्षाराणीला कधी कळलं नाही. पार्लरवरची पाटी बदलली, तिथं आता झेरॉक्स मिळते. डबी मात्र थांबली नाही. ती आता कुठून कुठून येते, किराणा दुकानातून, फोनवरून, लग्नाच्या आहेरातून. वर्षाराणी म्हशीच्या कासेबद्दल बोलता बोलता शेवटी त्याबद्दल बोलते. संघाच्या साहेबांनी एकदा टोकलं, "बाई, दुधाचं बोला." ती म्हणाली, "दुधाचंच बोलतोय साहेब. भेसळीचं."

चैत्रात तिचे डाग पुन्हा गडद झाले. अदिती म्हणाली, हे असंच चालायचं, कमी-जास्त होत राहणार. वर्षाराणी दवाखान्यातून तणतणत बाहेर पडली. ट्यूब, स्कार्फ, टोपी सगळं करूनही हे असं? रंकाळ्याच्या कडेनं तिनं गाडी उगाच एक चक्कर फिरवली. इतक्यात फोन वाजला. तेजस्वी होती. इचलकरंजीजवळच्या कबनूरला तिची मामेबहीण होती, यंत्रमागावर कामाला जायची. तिचं लग्न ठरलं होतं, आणि कुणीतरी तिला एक पांढरी डबी दिली होती.

"लावली का तिनं?" वर्षाराणीनं विचारलं.

"कालपास्नं."

"पत्ता पाठव," ती म्हणाली आणि गाडी इचलकरंजीच्या रस्त्याला वळवली.